दुसऱ्याच्या जिवाची भरपाई कोणी द्यायची?



या मेळाव्यात कापसाच्या भावाचा प्रश्न निघेल, कर्जाचा निघेल, विजेच्या बिलाचा निघेल. निघायलाच हवा. पण गावोगाव हिंडताना आम्हाला एक प्रश्न वारंवार भेटतो आणि तो सभेत उभे राहून कोणी विचारत नाही. सभा संपली, सतरंजी गुंडाळली गेली, की एखादा भाऊ बाजूला घेतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "साहेब, आपल्या वावरात दुसऱ्या कोणाचं बरंवाईट झालं, तर आपल्यावर काय येतं?"

आज त्या प्रश्नाचे उत्तर उघड्यावर द्यायचे आम्ही ठरवले आहे. उत्तर कडू आहे. अर्धे कंपन्यांना कडू लागेल, अर्धे आपल्याला. औषध कडू आहे म्हणून ते लपवून ठेवणारा वैद्य आम्हाला व्हायचे नाही.

एक बैलजोडी आणि एक माणूस

यवतमाळचे प्रकरण होऊन गेले त्यानंतरच्या एका हंगामातली गोष्ट. पाच एकर कोरडवाहूचा धनी. सप्टेंबर महिना, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली. तीनशे रुपये रोजाने त्याने दोन माणसे फवारणीला लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकाला ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडाला फेस आला. तालुक्याला नेईपर्यंत रात्र झाली, जिल्ह्याला नेईपर्यंत पहाट. तिसऱ्या दिवशी तो गेला. वय चाळीस. मागे बायको आणि दोन लेकरे.

गावातले चार जाणते बसले आणि तोड निघाली. धन्याने विधवेला पन्नास हजार द्यावेत, तिने "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर अंगठा द्यावा. धन्याने बैलजोडी विकून पैसे मोजले. प्रकरण मिटले, असे सगळ्यांनी धरले.

आम्ही दोन्ही घरी गेलो. ती बाई म्हणाली, "माझ्या माणसाचे पन्नास हजार झाले, भाऊ." तो शेतकरी म्हणाला, "माझी जोडी गेली. आता डवरणी कशानं करू?" दोघेही खरे बोलत होते. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला तयार नव्हते. एकाच धुऱ्यावर घामाघूम झालेली दोन घरे त्या दिवसापासून वैरी झाली.

आता आम्ही विचारतो, त्या बैठकीत कोण नव्हते? ज्याने ते औषध बनवले तो नव्हता. ज्याने ते गावात आणून विकले तो नव्हता. "दोन औषधं मिसळून मारा, हमखास गुण येतो" असे तोंडी सांगणारा कृषी केंद्रवाला नव्हता. त्यांचे एक रुपयाचे नुकसान झाले नाही. माणूस गेला मजुराचा, बैल गेले शेतकऱ्याचे, आणि औषधाचे पैसे तर आधीच उधारीच्या वहीत चढलेले होते, व्याजासकट.

जबाबदारी म्हणजे काय, विमा म्हणजे काय

आपल्याला विमा म्हटले की पीकविमा आठवतो, नाहीतर घरातला कर्ता गेल्यावर मिळणारा विमा. हे दोन्ही आपल्या स्वतःच्या नुकसानीचे विमे. जबाबदारीचा विमा त्याहून वेगळा. आपल्या हातून, आपल्या मालाने, आपल्या यंत्राने किंवा आपल्या जनावराने दुसऱ्याचे नुकसान झाले आणि कायद्याने त्याची भरपाई आपल्यावर आली, तर ती विमा कंपनीने भरायची. विमा घेणारा पहिला, विमा देणारी कंपनी दुसरी, आणि ज्याचे नुकसान झाले तो तिसरा, तिऱ्हाईत. ट्रॅक्टरच्या कागदावर तुम्ही 'थर्ड पार्टी' वाचता, तो हाच तिऱ्हाईत.

हा विमा जितका घेणाऱ्यासाठी असतो तितकाच त्या तिऱ्हाईतासाठी असतो. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही त्याच्याविरुद्ध निकाल मिळून काय उपयोग? न्यायालयाने आठ लाख दे म्हटले आणि देणाऱ्याच्या घरी आठशे नाहीत, तर तो निकाल भिंतीला चिकटवायचा कागद. म्हणून शहाण्या समाजात धोक्याचा धंदा करणाऱ्याला आधी विमा घ्यायला लावतात आणि मग धंदा करू देतात.

जबाबदारी ठरवायच्या कायद्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, हयगयीची: दुसऱ्याने निष्काळजीपणा केला हे नुकसान सोसणाऱ्याने सिद्ध करायचे. दुसरी, बिनकसूर जबाबदारी: कसूर कोणाची हे विचारायचेच नाही, नुकसान झाले की ठरलेली भरपाई द्यायची. तिसरी सगळ्यांत कडक, निरपेक्ष जबाबदारी: घातक धंदा करून नफा कमावतोस, तर त्यातून जे होईल ते तुझे, सबब एकही चालणार नाही.

ही तिसरी पायरी आपल्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधली. कशातून बांधली ते ऐका.

भोपाळचा कारखाना कशासाठी होता?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला वायू सुटला आणि हजारो माणसे मेली हे सर्वांना माहीत आहे. त्या कारखान्यात काय बनत होते हे फार थोड्यांना आठवते. तिथे कार्बारिल बनत होते. 'सेव्हिन' या नावाने ते विकले जाई आणि कापसाच्या बोंडअळीवर ते मारले जाई. म्हणजे त्या रात्री जे मेले, ते आपल्याच पऱ्हाटीच्या नावाने चाललेल्या धंद्यात मेले. १९८९ साली सत्तेचाळीस कोटी डॉलरवर तोड झाली. तीही वरच्यावर, मेलेल्यांना न विचारता. गावातली तोड आणि दिल्लीतली तोड यांत फरक फक्त शून्यांचा.

भोपाळला वर्ष होते न होते तोच डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू सुटला. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपेक्ष आहे, आणि कारखाना जितका मोठा, त्याची ऐपत जितकी मोठी, तितकी भरपाई मोठी. त्यानंतर १९९१ साली सार्वजनिक जबाबदारी विमा कायदा झाला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाने विमा घेतलाच पाहिजे, आणि अपघात झाला तर कसूर न विचारता मदत दिली पाहिजे, असा हा कायदा.

वाचायला छान. पण त्या मूळ कायद्यात मेलेल्या माणसामागे मदत किती ठेवली? पंचवीस हजार रुपये, आणि दवाखान्याचा खर्च साडेबारा हजारांपर्यंत. शिवाय कारखान्याचा स्वतःचा कामगार त्यातून वगळलेला. आणि तेच विष बाटलीत भरून, झाकण लावून, फाटकाबाहेर पडले आणि आपल्या वावरात येऊन पंपात पडले, की हा सगळा विमा मागे राहतो. कारखान्यात दहा माणसांना बाधा झाली तर तो औद्योगिक अपघात. तेच औषध एका जिल्ह्यात शेकडो माणसांना बाधले तर तो शेतकऱ्यांचा अडाणीपणा. आहे की नाही गंमत?

यवतमाळ, २०१७

२०१७ च्या जुलै ते नोव्हेंबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे फवारणीच्या विषबाधेने गेली आणि आठशेहून अधिक दवाखान्यात पडली. काहींची दृष्टी अधू झाली. त्यांत मजूर होते, तसे स्वतःच्या वावरात फवारणारे शेतकरीही होते. झाडे डोक्यावर गेलेली, हवा दमट, नवे पंप जोरात फेकणारे, त्यामुळे फवारा अंगावरच येत होता. बोंडअळी बीटी बियाण्याला दाद देईनाशी झाली म्हणून फवारण्या वाढल्या. सरकारने मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले. ते पैसे सरकारचे, म्हणजे तुमचे आमचे. ज्यांनी विष विकले त्यांचे नव्हेत.

त्या वेळी बोलले काय गेले तेही आठवा. "मजुरांनी तोंडाला फडकं बांधलं नाही." "उघड्या अंगानं फवारलं." "दारू पिऊन फवारलं." "पत्रक वाचलं नाही."

आम्ही शेतीची पदवी घेतली आहे. विषाच्या तीव्रतेप्रमाणे डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले. पण उकाड्यात रबरी हातमोजे, बंद चष्मा, नळीचा मुखवटा आणि अंगभर कोट घालून दिवसभर पंप पाठीवर वागवता येतो का, हे कोणी शिकवले नाही. आम्ही स्वतः घालून पाहिले आहे. अर्ध्या तासात माणूस चक्कर येऊन पडतो. जे साधन या हवेत वापरताच येत नाही ते वापरा असे मुंगीएवढ्या अक्षरांत छापायचे, ती घडी डब्याला चिकटवायची, आणि माणूस मेला की म्हणायचे, आम्ही सांगितले होते. हे पत्रक मजुराच्या रक्षणासाठी छापलेले नाही. ते कंपनीच्या रक्षणासाठी छापलेले आहे.

हे आम्ही रागाच्या भरात म्हणत नाही. कायद्यातच तसे लिहिले आहे.

पाणी उताराकडे, जबाबदारीही उताराकडे

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा घ्या. त्यात पहिल्यांदा 'उत्पादनाची जबाबदारी' हे स्वतंत्र प्रकरण आले. सदोष मालाने इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा जबाबदार. चांगली गोष्ट. पण त्याच प्रकरणाचे कलम ८७ वाचा. पुरेशी सूचना दिली नाही या कारणावरून बनवणाऱ्याला धरायचे असेल, आणि तो माल एखाद्या मालकाने कामाच्या जागी वापरण्यासाठी विकत घेतला असेल, आणि बनवणाऱ्याने त्या मालकाला सूचना दिलेली असेल, तर बनवणारा सुटला.

भावांनो, हा 'मालक' कोण? पाच एकरवाला. 'कामाची जागा' कोणती? त्याचे वावर. 'सूचना' कुठली? ती डब्याला चिकटवलेली घडी. कंपनीच्या वकिलाने इतके मांडले की विष कंपनीचे आणि जबाबदारी पाच एकरवाल्याची.

कीटकनाशकांचा मुख्य कायदा १९६८ चा. त्यात नोंदणी आहे, परवाना आहे, निरीक्षक आहे, शिक्षा आहे. १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्या असेही आहे. पण विषबाधा झालेल्या माणसाला भरपाई कोणी द्यायची याबद्दल त्या कायद्यात एक ओळ नाही. तो बदलण्यासाठी २००८ आणि २०२० साली राज्यसभेत विधेयके आली. इतकी वर्षे चर्चा झाली ती परवान्यांची. विधवेची झाली नाही.

म्हणून तर यवतमाळच्या दोन विधवांना आणि विषबाधेतून वाचलेल्या एका शेतकऱ्याला २०२१ साली सातासमुद्रापार, स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयात दावा घालावा लागला. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण ते तिथे का गेले? कारण त्या देशात १९९४ पासून उत्पादकावर बिनकसूर जबाबदारी टाकणारा कायदा आहे. यवतमाळच्या बाईला आपल्या नवऱ्याचा हिशेब मागायला बासेलचा रस्ता धरावा लागतो, यासारखी आपल्या विधिमंडळांना दुसरी चपराक नाही.

आता आपला हिशेब

इथपर्यंत टाळ्या पडतील. पुढचे ऐकताना पडणार नाहीत. तरी ऐका.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. आपल्याला वाटते तो गिरण्यांचा, कारखान्यांचा. त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणकोणत्या कामावरचा माणूस कामगार धरायचा याची यादी होती. त्या यादीत शेतात कीटकनाशक फवारणारा आणि धुरळणारा होता. यंत्राने कापणी-मळणी करणारा होता. ट्रॅक्टरने शेती करणारा होता. म्हणजे ज्याने रोजाने फवारणीला माणूस लावला तो कायद्याच्या डोळ्यांत मालक, मग त्याच्या घरी दोन वेळची ज्वारी असो वा नसो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. नाव बदलले, मालकाच्या जबाबदारीचे प्रकरण राहिले.

ही जबाबदारी बिनकसूर आहे. तुम्ही हयगय केली का, हा प्रश्नच नाही. "तो प्यालेला होता", "त्याने मुद्दाम फडके काढून टाकले" ही सबब लहान इजेला चाले. माणूस मेला किंवा कायमचा पुरता निकामी झाला, तर १९२३ च्या कायद्यातही ती चालत नव्हती.

रक्कम किती? त्या कायद्याचा हिशेब असा: महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७. आपल्या गोष्टीतला मजूर तीनशे रुपये रोजाचा, आणि दोनच दिवस कामावर. दोन दिवसांचा म्हणून सुटका नाही, रोजाला तीसने गुणायचे. महिन्याचे झाले नऊ हजार. निम्मे साडेचार हजार. गुणिले १८४.१७, म्हणजे आठ लाख अठ्ठावीस हजार सातशे पासष्ट रुपये.

आणि ते पन्नास हजार, अंगठ्याचा तो कागद? मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करायची, मालकाने परस्पर दिलेली भरपाई धरायची नाही, तीन महिन्यांच्या मजुरीएवढी उचल तेवढी वजा, असे १९२३ च्या कायद्यात स्पष्ट होते. हक्क सोडून देण्याचा करारही रद्दबातल. म्हणजे त्या बाईला सव्वाआठ लाखांचा हक्क पन्नास हजारांत विकायला लावला, आणि त्या शेतकऱ्याची बैलजोडी विकूनही त्याचे देणे फिटले नाही. गावाने दोघांनाही फसवले, आणि दोघांनाही वाटले गावाने वाचवले.

दुसरे, ट्रॅक्टर. तिऱ्हाईताचा विमा नसेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हा. पण विमा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. ट्रॅक्टरवर जागा एकाच माणसाची, चालवणाऱ्याची. वेचणीला बाया ट्रॉलीत बसवून न्यायच्या, लग्नाचे वऱ्हाड न्यायचे, आणि ट्रॉली उलटली की विमा कंपनी म्हणणार, आम्ही शेतीकामाचा विमा उतरवला, प्रवाशांचा नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण गेले. वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरून मजूर पडला आणि चाकाखाली आला. न्यायालयाने सांगितले, या विम्याखाली कंपनी जबाबदार नाही. गरीब मजुराकडे पाहून आपल्या खास अधिकारात कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण ते ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करायची मुभा दिली. म्हणजे शेवटी पाटी मालकाच्याच डोक्यावर. ट्रॉलीचा कागद वेगळा असतो, चालवणाऱ्याचा परवाना लागतो, भाड्याने वापरले तर शेतीचा विमा उपयोगाचा नाही. ही तीन वाक्ये प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने पाठ करावीत.

तिसरे, तारेचे कुंपण. रानडुक्कर आणि रोही एका रात्रीत ज्वारी झोपवतात, हे आम्हाला कोणी सांगायला नको. सरकार जनावर राखते शहाण्यांच्या समाधानासाठी आणि त्याचा चारा घालतो आपण. हे सगळे खरे. तरीही मेन लाइनवर आकडा टाकून धुऱ्याच्या तारेत वीज सोडणे हा उपाय नव्हे. सकाळी त्या तारेला डुक्कर चिकटलेले नसते, कधी शेजाऱ्याचा पोरगा चिकटलेला असतो. हयगयीने मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मरू शकतो हे माहीत असून केले असे ठरले तर त्याहून मोठे कलम लागते. तुरुंगवासाचा विमा कोणतीही कंपनी उतरवत नाही. मान्यताप्राप्त झटका मशीन वेगळे आणि सरळ वीज वेगळी, हा फरक पोराबाळांनाही शिकवा.

पण विजेची तार उलट बाजूनेही बोलते. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेने सायकलवाला मेला त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली निकाल दिला: तार कोणी तिसऱ्याने चोरीसाठी ओढली होती ही सबब चालणार नाही, वीज वाहून नेणाऱ्या मंडळाची जबाबदारी कडक आहे. वावरात लोंबणारी तार, वाकलेला खांब दिसला की वीज कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उद्या बैल किंवा माणूस गेला तर तो कागद बोलेल. बियाण्याचेही तेच. शेतकरी ग्राहक आहे, त्याने ग्राहक न्यायालयात भरपाई मागावी, आणि पेरून झालेल्या बियाण्याचा नमुना त्याने राखून ठेवला नाही म्हणून त्याला परत पाठवता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे.

आपल्यातल्या एका मताला उत्तर

आमच्याच काही कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे की हे छापू नका. "शेतकरी आधीच कर्जात बुडालेला. त्यात मजुरांना कायदा सांगितला तर उद्या प्रत्येक जण दावा लावेल. मग फवारणीला माणूस मिळणार नाही आणि शेतकरी मरेल."

या भावांच्या तळमळीबद्दल आम्हाला शंका नाही. पण त्यांच्या हिशेबात चूक आहे. कायदा लपवला म्हणून तो रद्द होत नाही. तो एक दिवस समन्स घेऊन दारात येतो, आणि तेव्हा विमा घ्यायची वेळ गेलेली असते.

दुसरे असे. आपण तीस-चाळीस वर्षे ओरडत आलो की आमच्या घामाचा दाम द्या, उत्पादनखर्च भरून द्या. कारखानदार आपल्या विम्याचा हप्ता मालाच्या किमतीत घालतो, त्याच्या यंत्राने दुसऱ्याचा हात तुटला तर त्याचा खर्चही घालतो. गिऱ्हाईक तो मुकाट भरते. मग एक क्विंटल कापूस पिकवताना मजुराच्या जिवाला जो धोका होतो, त्याचा खर्च कापसाच्या हिशेबात आजवर कोणी धरला? तो मजुराने आपल्या मरणाने भरला आणि शेतकऱ्याने बैल विकून भरला. स्वस्त कापसाच्या गाठीत हे दोन्ही दाबून बसवलेले आहे. जो खर्च आपण मान्यच करत नाही, तो मागणार कोणत्या तोंडाने? मजुराच्या जिवाची किंमत शून्य धरून काढलेला हमीभाव मागणारी चळवळ अर्धीच चळवळ राहील.

आणि तिसरे. आज फवारणीला जाणारा मजूर काल दोन एकरांचा मालक होता. कित्येक घरांत सकाळी आपल्या वावरात फवारणारा दुपारी दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारतो. भिंत कुठे घालणार?

मागायचे काय, करायचे काय

सरकारकडे आमच्या मागण्या तीन. कीटकनाशकांच्या कायद्यात, तो जुना असो की नवा, बनवणाऱ्यावर सक्तीचा जबाबदारी विमा घाला. हप्ता कारखान्याच्या दारात, प्रत्येक लिटरमागे, कंपनीच्या नफ्यातून. फवारणारा शेतकरी असो की मजूर, बाधा झाली की कसूर न विचारता भरपाई. दुसरी, पत्रक चिकटवले म्हणजे मालकाला सूचना दिली, ही पळवाट शेतीच्या औषधांपुरती बंद करा. तिसरी, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकऱ्याच्या अपघातासाठी दोन लाखांच्या सानुग्रह अनुदानाची योजना आहे. ती शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसापुरती. त्याच धुऱ्यावर पडणारा भूमिहीन मजूर तिच्यातून वगळू नका.

सरकार ऐकेपर्यंत आपण हे करायचे.

फवारणीला माणूस लावण्याआधी गावाने मिळून सरकारी सर्वसाधारण विमा कंपनीच्या शाखेत जा आणि कामगार नुकसानभरपाईच्या विम्याचा हप्ता लेखी विचारा. एकट्याला उभे करणार नाहीत, पन्नास जण गेले तर खुर्ची देतील. कागद घेताना चार गोष्टी पाहा: फवारणीचे काम त्यात लिहिले आहे का, रोजंदारीचा माणूस येतो का, मुदत हंगामभर आहे का, अपघात किती दिवसांत कळवायचा आहे. भरपाई थकवल्याचा दंड विमा कंपनी भरत नाही, तो आपल्याच खिशातून जातो, हेही लक्षात ठेवा.

औषध घेताना पक्के बिल घ्या, त्यावर बॅच नंबर पाहा. रिकामा डबा आणि पत्रक हंगाम संपेपर्यंत जपा. बाधा झाली तर डबा माणसाबरोबर दवाखान्यात न्या, डॉक्टरला औषधाचे नाव कळेल आणि पुढे पुरावाही राहील. दोन औषधे मिसळायला सांगणाऱ्या दुकानदाराला म्हणा, हेच बिलावर लिहून सही कर. करणार नाही. मग तुम्हीही मिसळू नका.

पऱ्हाटी छातीच्या वर गेली की पाठीवरच्या पंपाने फवारणी नको. वाऱ्याविरुद्ध नको, उपाशीपोटी नको, पोरासोरांना नको. एवढे पाळायला पैसा लागत नाही.

आणि काही बरेवाईट झालेच, तर कोऱ्या कागदावर कोणाचा अंगठा घेऊ नका आणि देऊही नका. पोलिसात नोंद, दवाखान्याचे कागद, शवविच्छेदन हे आधी. मग शेतकरी आणि मजुराची विधवा यांनी एकमेकांसमोर उभे न राहता शेजारी शेजारी उभे राहावे, आणि दोघांनी मिळून तिसऱ्याला विचारावे, ज्याचे नाव त्या डब्यावर छापले आहे.

सुरुवातीच्या गोष्टीतली ती दोन घरे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्या मधल्या धुऱ्यावर तो रिकामा डबा बरेच दिवस पडून होता. आम्ही तो उचलून आणला आहे. मेळाव्याच्या दिवशी टेबलावर ठेवू. ज्याला तो प्रश्न खालच्या आवाजात विचारायचा असेल, त्याने या वेळी तो डबा हातात घेऊन माईकवरून विचारावा.